बेडरूममधला भात

झेवियर: भात? बेडरूममध्ये?

बेटी: भातच. बासमतीचा नाही, आपला उकडाही नाही, काहीतरी वेगळाच. आज आठ दिवस झाले, पहाटे पाच वाजता मला वास येतोय. पहिल्या दिवशी म्हटलं, शेजारच्या राजनकडून येत असेल, त्यांना सकाळीच भात लागतो. दुसऱ्या दिवशी म्हटलं, स्वप्नात असेन. तिसऱ्या दिवशी ॲरॉन अंथरुणात उठून बसला आणि म्हणतो, ‘ममा, अंकल मार्क इज कुकिंग इन हिज रूम.’ दहा वर्षांच्या पोराला कळलं. सख्खा भाऊ तुझा, आणि तुला नाही कळलं.

झेवियर: पहाटे पाचला मी हॉटेलच्या स्टोअरमध्ये भाजीची क्रेट्स उतरवून घेत असतो, बेटी. मला वास येतो तो कोथिंबिरीचा.

बेटी: म्हणून तर सांगतेय. शूज काढ आणि इथे स्टुलावर बस. मी मासे साफ करता करताच बोलते. हात थांबला तर रडू येईल.

झेवियर: मुलं कुठायत?

बेटी: खाली पूलवर. पाच वाजेपर्यंत येत नाहीत. मार्क ड्युटीवर, करेन सामान आणायला गेलीय. आज शनिवार, तिला सुट्टी. घरात कुणी नाही, म्हणून तर तुझी वाट बघत होते. ऐक आता. सकाळी त्यांचे इस्त्रीचे कपडे ठेवायला गेले. मी कधी त्यांचं कपाट उघडत नाही, तुला माहितीये. पलंगावर ठेवते आणि बाहेर येते. आज पलंगभर करेनच्या ऑफिसची कसली तरी फाइल पसरली होती. तिचे कागद आपण कशाला हलवायचे, म्हणून कपाट उघडलं. खाली, मार्कच्या बुटांच्या मागे, पाच किलोची तांदळाची पिशवी. तोंड फोडलेली, वर रबरबँड. आणि शेजारी टॉवेलमध्ये गुंडाळलेला एवढासा राईस कुकर.

झेवियर: टॉवेलमध्ये?

बेटी: बाळाला गुंडाळतात तसा. आणि पिशवीवर किमतीचा स्टिकर तसाच आहे. चाळीस दिरहम. म्हणजे साडेनऊशे रुपये, पाच किलोचे. तेवढ्यात आपल्याला दहा किलो येतो आणि सहा माणसं महिना काढतात.

झेवियर: तांदळाची पिशवी आहे ना. तू तर सोन्याची बिस्किटं सापडल्यासारखं करतेस.

बेटी: हे कुणी दुसऱ्याने बोलावं. तू कुठल्या घरात वाढलास? तुझी धाकटी काकी माहेरहून काय घेऊन आली होती?

झेवियर: जाऊ दे ना आता.

बेटी: सांग.

झेवियर: उशीच्या खोळीत तांदूळ.

बेटी: मग काय झालं?

झेवियर: तुला पाठ आहे सगळं. आई दर नाताळला सांगते. डॅडी धरून तीन भाऊ, एक चूल, एक कणगी. जो कमवेल त्याने पगार आणून आजोबांच्या हातात द्यायचा आणि कणगीतला तांदूळ सगळ्यांनी मिळून खायचा. काकीने तो खोळीतला तांदूळ तिच्या खोलीत स्टोव्हवर शिजवला. मी सात वर्षांचा होतो, पण आजोबांचं तोंड मला अजून आठवतं. ओरडले नाहीत, काही नाही. पानावरून उठले, हात धुतले आणि डॅडींना म्हणाले, वेगळे झाले ते, गवंड्याला बोलव. आठ दिवसांत ओटीवर भिंत उभी राहिली.

बेटी: आणि आजपर्यंत भिंतीच्या पलीकडून नाताळची एक करंजी आली नाही. पंचवीस पावलांवरून.

झेवियर: इथे ओटी कुठे आहे? डिस्कव्हरी गार्डन्सच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये भिंत घालायची तर आधी लँडलॉर्डची एनओसी आणावी लागेल.

बेटी: हस तू. एकटी पिशवी असती तर मीसुद्धा हसले असते. पण आधीचं सगळं जुळव ना. तीन आठवडे झाले, मार्क माझा डबा नेत नाही. आधी म्हणाला ऑफिसमध्ये मायक्रोवेव्ह बिघडलाय. मग म्हणाला सगळे बाहेर जेवतात. नऊ वर्षं त्या पोराने माझा डबा नेला. एकदा विसरला तर मेट्रो स्टेशनवरून परत आला होता, लेट मार्क लागला तरी. आणि रात्री जेवायला बसतो तो चिमणीएवढा. दोन घास, की ‘वहिनी, खलास, पोट भरलं’. पोट भरणारच, खोलीत वेगळं शिजतंय म्हटल्यावर.

झेवियर: तू विचारलंस का त्याला?

बेटी: काय विचारू? तुझ्या बुटांमागे तांदूळ का आहे म्हणून? मी अजून विचार करत होते, तेवढ्यात नऊ वाजता करेनचा मेसेज आला. बघ, वाच. ‘ताई, आज संध्याकाळी सगळ्यांनी बसून जरा बोलू या. मार्क पण लवकर येईल. डोन्ट वरी.’ डोन्ट वरी असं माणूस कधी लिहितो, झेवियर? वरी करायची वेळ आली की.

झेवियर: तुला काय वाटतं, ते वेगळी जागा घेतायत?

बेटी: दुसरं काय असणार? आणि मी त्यांना दोषही देत नाही. खरंच नाही देत. दोघांना चांगला पगार आहे. त्यांना एक खोली मिळालीय आणि बाहेर हॉलमध्ये आपण चौघं बंक बेडवर. माझी पोरं त्यांचं शॅम्पू संपवतात. अर्धं भाडं ते देतात, किचनच्या डब्यात अर्धे पैसे ते टाकतात आणि खाणारी तोंडं त्यांची दोन, आपली चार. मी क्लिनिकमध्ये होते तोपर्यंत ठीक होतं. ऑक्टोबरपासून मी त्या डब्यात एक दिरहम टाकला नाही.

झेवियर: क्लिनिक बंद पडलं त्यात तुझा काय दोष? डॉक्टर केरळला निघून गेला.

बेटी: दोष नाही, पण पगारही नाही ना. सात महिने झाले. कुणी किती दिवस पोसायचं?

झेवियर: तू त्याला तीन वर्षं पोसलंस. व्हिजिट व्हिसावर आला तेव्हा त्याच्याकडे दोन शर्ट होते.

बेटी: ते वेगळं. तो धाकटा होता.

झेवियर: बरं, समज गेले ते. मग आपण काय करायचं?

बेटी: ते मी ठरवलंय. तुझ्या एकट्याच्या पगारात हा फ्लॅट राहत नाही, हे तुलाही माहितीये आणि मलाही. स्वस्त बघायचं तर उम्म अल कुवैनला जावं लागेल. तिथून तुझं हॉटेल दीड तास, तू पहाटेची ड्युटी गाठणार कशी? म्हणून तू इथेच जवळ एका खाटेपुरती बेडस्पेस घे. मी मुलांना घेऊन वसईला जाते. मी सिस्टरना फोन केला होता. जूनपासून दोघांना वर्गात घेतील. सोफियाचं मराठी कच्चं आहे म्हटलं, पण चालेल म्हणाल्या.

झेवियर: कुठल्या सिस्टर?

बेटी: माझ्या शाळेतल्या. आता त्याच हेडमिस्ट्रेस आहेत.

झेवियर: कधी केलास फोन?

बेटी: दहा वाजता.

झेवियर: आज?

बेटी: आज.

झेवियर: आठला पिशवी बघितलीस, नऊला मेसेज आला आणि दहाला माझी मुलं वसईच्या शाळेत. मला एक फोन नाही करता आला?

बेटी: केला असता तर तू काय केलं असतंस, सांगू? ड्युटी संपवून सरळ मार्कच्या ऑफिसला गेला असतास. त्याच्यापुढे हात जोडले असतेस. मोठा भाऊ धाकट्याला म्हणतोय, जाऊ नको रे बाबा, आमचं भागत नाही. मला ते बघायचं नव्हतं.

झेवियर: मी एकटा बेडस्पेसमध्ये राहायचं. आणि तुम्हाला व्हिडिओ कॉलवर बघायचं.

बेटी: हजारो माणसं राहतात.

झेवियर: मी राहिलोय, बेटी. लग्नाआधी चार वर्षं. सहा माणसं एका खोलीत, आणि जेवताना प्रत्येकाचं तोंड आपापल्या भिंतीकडे. तू आलीस तेव्हा पहिल्यांदा इथे कुणी मला विचारलं, अजून वाढू का. मला परत तिकडे जायचं नाही.

बेटी: मग मला तरी कुठे जायचंय? तू असं बोलू नकोस रे, माझ्या हातात सुरी आहे. पुस ते डोळे. लिफ्ट वाजली बघ.

(दार उघडून करेन आत येते. दोन्ही हातांत पिशव्या. ती एकदा बेटीकडे, एकदा झेवियरकडे बघते आणि पिशव्या तशाच दारात खाली ठेवते.)

करेन: काय झालं? वसईला सगळे बरे आहेत ना?

झेवियर: बरे आहेत.

करेन: मग तुम्ही दोघं असे का? ताई, डोळे बघ तुझे.

बेटी: कांद्याने.

करेन: कांदा तर चिरलेलाच नाहीये.

बेटी: करेन, बस. नाही, उभीच राहा. आधी मी बोलते. तू सुरुवात केलीस की मला काही सुचणार नाही. तुम्ही दोघांनी वेगळं राहायचं ठरवलंय, ते बरोबर आहे. लग्नाला दोन वर्षं झाली, किती दिवस तुम्ही जावेच्या हाताखाली राहणार? मी रागावलेली नाही. म्हणजे आहे, पण माझं मी बघेन. माझं एकच मागणं आहे, बोलणं बंद करायचं नाही. त्या घरात झालं तसं इथे नको. मी मुलांना घेऊन वसईला गेले तरी तू दर शुक्रवारी झेवियरला जेवायला बोलव. तो मागणार नाही. तूच फोन कर.

करेन: एक मिनिट. कोण वेगळं राहतंय?

बेटी: तुम्ही.

करेन: कुठे?

बेटी: ते तू संध्याकाळी सांगणार आहेस ना.

करेन: दादा, ही काय बोलतेय? आणि वसईला का जातेय?

झेवियर: तांदूळ सापडला, करेन. कपाटातला.

करेन: ओह गॉड.

बेटी: कुकर पण.

करेन: टॉवेलमधला?

बेटी: टॉवेलसकट. मी मुद्दाम बघितलं नाही. कपडे ठेवायला उघडलं होतं.

करेन: मार्कला म्हटलं होतं मी. रोज म्हणत होते, किचनमध्ये करू या, सरळ सांगू या. म्हणाला, अजून थोडे दिवस. आज संध्याकाळी सांगायला तयार झाला होता. ताई, हात धू आणि बस. दादा, तू पण ऐक. मार्कला शुगर निघालीय.

झेवियर: काय?

करेन: डायबिटीस. ऑफिसच्या इन्शुरन्सचं चेकअप होतं, त्यात आलं. फास्टिंग एकशे अडुसष्ट. मग परत टेस्ट केली, परत तेवढीच. पलंगावर ती फाइल होती ना, ते त्याचेच रिपोर्ट्स. मी क्लिनिकला फोन करत होते सकाळी, तसेच राहिले.

बेटी: मला वाटलं, तुझ्या ऑफिसची फाइल.

करेन: तू वाचलं असतंस तर एवढं झालं नसतं.

बेटी: दुसऱ्याचे कागद मी का वाचू?

झेवियर: डॅडींचं असंच सुरू झालं होतं. आधी पायाचं एक बोट कापलं. मग अर्धं पाऊल. मार्कने ड्रेसिंग केलंय त्यांचं, बारावीत असताना.

करेन: दादा, तसं नाही. माझ्याकडे बघ. लवकर सापडलंय. डॉक्टर तीनदा म्हणाले, लवकर सापडलं, यू आर लकी. एक गोळी, रोज पाऊण तास चालणं, पांढरा भात बंद, शुगरवाल्यांचा तो वेगळा तांदूळ मिळतो तेवढाच, तोही थोडा. डॅडींना दहा वर्षं कुणी टेस्टच करायला सांगितली नव्हती. मार्क आत्तापासूनच रोज चालतोय. लंचमध्ये मॉलमध्ये फेऱ्या मारतो, बाहेर बेचाळीस डिग्री आहे म्हणून. तीन आठवड्यांत एकशे चाळीसवर आलंय.

झेवियर: खरं सांगतेस?

करेन: रिपोर्ट दाखवते ना. थांब.

बेटी: रिपोर्ट नंतर. करेन, म्हणजे तुम्ही जात नाही?

करेन: कुठे जाणार, ताई? मला साधा भात नीट करता येत नाही. आठ दिवसांत दोनदा करपला, तीनदा चिकट गोळा झाला. मार्क चमच्याने कापून खातो, केकसारखा. पहाटे साडेचारला उठते मी, खिडकी उघडते, कुकर लावते, वास जावा म्हणून एसीखाली उभी राहून टॉवेल हलवते. माझी हालत बघ.

बेटी: आई गं. माझा जीव आत्ता भांड्यात पडला. माझ्या दिराला शुगर झाली आणि मला आनंद होतोय. उद्या चर्चमध्ये मिसला गेल्यावर कन्फेशन करावं लागेल.

झेवियर: रडतेस की हसतेस?

बेटी: मला काय माहिती? पेपर टॉवेल दे तो.

करेन: मी पण रडेन आता. तुम्हाला खरंच वाटलं, आम्ही न सांगता निघून जाऊ?

बेटी: तुला त्यांच्या घरची गोष्ट माहिती नाही. भिंतीची.

करेन: मला कशाला माहिती असेल? मी ओर्लेमची, फ्लॅटमध्ये वाढलेली. आमच्याकडे एका घरात तीन कुकर असले तरी कुणी गवंडी बोलवत नाही. मार्क बोलला होता काहीतरी काकीचं, मला वाटलं जोक आहे.

झेवियर: त्याला सांगायला काय झालं होतं? मी मोठा भाऊ आहे त्याचा.

करेन: तुला डॅडी आठवतील म्हणून. तू रात्री झोपणार नाहीस म्हणाला. आणि ताईला सांगितलं की वसईला आईला पाच मिनिटांत कळणार.

बेटी: मी कधी सांगते?

झेवियर: रोज रात्री, फोनवर.

बेटी: बरं, सांगते. पण आजाराचं नाही सांगत.

करेन: आणखी एक कारण होतं. तेच मोठं कारण. पण बोलले तर राग येईल तुला.

बेटी: आज मला राग यायचा कोटा संपलाय. बोल.

करेन: मार्क म्हणाला, वहिनीला कळलं तर ती दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी तो महागाचा तांदूळ आणेल. माझ्यासाठी वेगळी भाजी, वेगळा मासा. आणि त्याचे पैसे डब्यातून नाही घेणार. स्वतःच्या ताटातून काढणार.

बेटी: काहीतरीच. माझ्या ताटाचं काय? मी जेवते की व्यवस्थित.

करेन: ताई, मी दिवसभर ऑफिसमध्ये हेच काम करते, कुणी कुठे काय कमी दाखवलंय ते शोधायचं. आपण सहा माणसं. तू माशाचे सहा तुकडे करतेस. रात्री पाच वाढतेस आणि म्हणतेस, माझा ठेवलाय, मी नंतर जेवते. सकाळी सहावा तुकडा मार्कच्या डब्यात असतो. तो किती महिने तुझा तुकडा खात होता माहितीये? एक दिवस त्याने डबा उघडला आणि माझ्याकडे फोटो पाठवला. खाली लिहिलं, हा कोणाचा आहे? दुसऱ्या दिवसापासून त्याने डबा न्यायचं सोडलं. मायक्रोवेव्ह वगैरे सगळं खोटं. ते तुझ्या तुकड्यासाठी होतं.

झेवियर: बेटी?

बेटी: त्याला उपाशी राहायला लागतं ना दुपारभर. उन्हातान्हात कामाला जातो.

झेवियर: तू दुपारी काय जेवतेस?

बेटी: तू ड्युटीवरून आल्यावर तुला वाढते ना मी.

झेवियर: मला वाढतेस आणि म्हणतेस, मी मगाशी जेवले. आज काय जेवलीस?

बेटी: चहा घेतला. खुबूसची रोटी होती अर्धी.

झेवियर: काल?

बेटी: झेवियर, करेनसमोर कशाला?

झेवियर: सात महिने मी समोर बसून जेवतोय. मला कसं दिसलं नाही?

बेटी: मी दिसू दिलं नाही. आणि हे काही ठरवून केलेलं नाही, खोटं कशाला बोलू? मी क्लिनिकमध्ये होते तेव्हा संध्याकाळी आले की बॅग टाकून सरळ पहिली जेवायला बसायचे. मधला तुकडा उचलायचे आणि मनात काही यायचं नाही. मग ते बंद झालं. कुणी एका शब्दाने बोललं नाही मला. पण त्या दिवसापासून माझा हातच शेपटीकडचा तुकडा उचलायला लागला. मग तोही नको वाटायला लागला. वाटायचं, जो कमावून आणतो त्याने आधी खावं. मी घरात बसलेली, मला किती लागतं?

करेन: घरात बसलेली? सहा माणसांचं तीन वेळचं, दोन शाळेचे डबे, कपडे, आणि माझ्या ब्लाउजची इस्त्रीसुद्धा. मी एकदा सांगितलं होतं, इस्त्री नको करू. ऐकलं नाहीस.

बेटी: तुला जमत नाही. बाही जाळतेस.

करेन: हो, जाळते. ऐक ना. मला काय वाटत होतं माहितीये? तू माझ्यावर रागावून जेवत नाहीस. माझा पगार आता जास्त आहे म्हणून. तू मला पहिलं वाढायचीस, सगळ्यात मोठा तुकडा, आणि स्वतः उभी. मला टोमणा वाटायचा तो. मी मार्कला दोनदा म्हटलं, आपण इथे नकोसे झालोय का?

बेटी: तू असा विचार करत होतीस?

करेन: रोज.

बेटी: आणि मी वाटीत तुला जास्त वाढत होते, म्हटलं बिचारी भाडं भरते. कसल्या मूर्ख बायका आहोत आपण.

झेवियर: मी काही बोलत नाही.

बेटी: तू बोलूच नकोस. तो फोन घे आधी. सिस्टरना कॉल लाव. भारतात साडेचार वाजले असतील, अजून ऑफिसमध्ये असतील.

करेन: कुठल्या सिस्टर?

झेवियर: तुझ्या जावेने सकाळी दहा वाजता ॲरॉन आणि सोफियाची वसईच्या शाळेत ॲडमिशन घेतलीय.

करेन: वसईला? ताई, मी एक ‘मार्कला शुगर आहे’ एवढं वाक्य बोलायला तीन आठवडे घेतले. तू एका तासात सगळं घर गुंडाळलंस?

बेटी: माझ्या डोक्यात शिरलं की मला थांबता येत नाही. लाव रे फोन. लागला? काय म्हणतायत?

झेवियर: ... हो सिस्टर, थँक्यू. नाही, इकडेच राहतायत. हो, सांगतो. बाय. म्हणाल्या, बरं झालं. म्हणाल्या, बेटी शाळेत असतानाही रागावली की पाटी-दप्तर घेऊन घरी निघायची, गेटवरून परत आणावी लागायची. आणि विचारलं, जागा ठेवून देऊ का, परत मन बदललं तर?

बेटी: तू काय सांगितलंस?

झेवियर: नको सांगितलं.

बेटी: बरं केलंस. आता करेन, ती पिशवी आण बाहेर. आणि तो टॉवेल धुवायला टाक, भाताचा वास मारत असेल. उद्यापासून मार्कचं जेवण माझ्याकडे. अर्धा कप भात, बाकी पालेभाजी, कडधान्य, मासा भाजून. डबाही नेईल तो, त्याच्यासमोर उघडून दाखवीन आत काय आहे ते. दोन महिन्यांत त्याची शुगर खाली आणते की नाही बघ. इन्शाल्ला.

करेन: आणायचीच. पण आधी आपलं हे ठरू दे. आजपासून सहा तुकडे सहा ताटांत. आणि तू आमच्याबरोबर बसायचं, नंतर नाही. नाहीतर मार्क माझ्याच हातचा चिकट गोळा खाईल, आणि त्याचं पाप तुझ्या डोक्यावर.

बेटी: ब्लॅकमेल करतेस?

करेन: हो.

झेवियर: आणि संध्याकाळची वाट कशाला बघायची? ऊठ तू तिथून. सुरी दे इकडे. मी तळतो.

बेटी: तुला येतं का? तेल तापू दे आधी. मीठ-हळद लावून ठेवलीय, मसाला त्या लाल झाकणाच्या...

झेवियर: बस म्हटलं ना. वीस वर्षं हॉटेलात काय नुसते कांदे मोजतोय?

करेन: दादा, मधला तुकडा घे.

बेटी: मधला मुलांना ठेवा. मला शेपटीकडचा बास.

करेन: ताई.

बेटी: बरं, बरं. सवय आहे, एका दिवसात जाते का?

झेवियर: ताट पुढे कर. गरम आहे, सांभाळ. काटा काढू का?

बेटी: लहान आहे का मी? अरे, मुलं बघतील ना. दुपारी सव्वातीनला आई एकटी बसून सुरमई खातेय.

करेन: बघू दे. त्यांनी पण बघायला पाहिजे.

झेवियर: कसा झालाय?

बेटी: मीठ जरा जास्त पडलंय.

झेवियर: मग ठेव बाजूला, दुसरा करतो.

बेटी: ठेवते कशाला? खाते की. तुम्ही दोघं असे डोळे लावून बसू नका माझ्या तोंडाकडे. झेवियर.

झेवियर: काय?

बेटी: अजून एक आहे का?